कथेतर लेखनाचा वर्ग: मुलांना काय लिहायला द्यावं, काय वाचायला द्यावं?

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज धागा काढतेय.

मी सांगलीत एका महाविद्यालयात मराठी शिकवते. यंदा पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी कथेतर लेखनाचा वर्ग घेतेय. कथा नाही, कविता नाही. जे घडलं आणि जे आहे ते लिहायचं. आठवड्याला २ तास, १५ आठवडे, २१ मुलं. काही सांगलवाडी, हरिपूर, मिरजेची, काही जत, आटपाडी, विट्याकडून येऊन वसतिगृहात राहणारी.

पहिल्या तासाला विषय दिला 'आमच्याकडचा पूर'. २०१९ साली ही मुलं सहावी-सातवीत होती, म्हणजे सगळं लख्ख आठवत असणार. वह्या घरी आणल्या आणि सात-आठ वाचून झाल्यावर थांबले, कारण कुठली वही कुणाची ते कळेना. 'निसर्गाचं रौद्र रूप', 'होत्याचं नव्हतं झालं', 'काळजाचा ठोका चुकला', 'माणुसकीचं दर्शन घडलं'. सांगलवाडीच्या ज्या मुलीच्या घरात पाणी होतं तिचा निबंध आणि जतच्या ज्या मुलानं पूर फक्त टीव्हीवर पाहिला त्याचा निबंध, दोन्ही सारखे. जतच्या मुलाला दुष्काळ ठाऊक आहे, टँकरची वाट पाहणं ठाऊक आहे. त्यातलं त्यानं काहीच लिहिलं नव्हतं, कारण विषय पुराचा होता.

पुढच्या तासानंतर ती सांगलवाडीची मुलगी दाराशी थांबली. सहज म्हणाली, "मॅडम, आम्ही नऊ दिवसांनी घरी आलो ना, तेव्हा आईनं फळीवरचा मटकीचा डबा उघडला. झाकण घट्ट होतं म्हणून चिखल गेला नव्हता, नुसती ओल गेली होती. सगळ्या मटकीला बोटभर मोड आलेले. आई तो डबा धरून तशीच बसली."

मी म्हटलं, अगं, हे का नाही लिहिलंस?

ती म्हणाली, "हे लिहायचं असतं का?"

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही. दहा वर्षं निबंध लिहून या मुलांनी एक गोष्ट पक्की शिकली आहे की स्वतःचं पाहिलेलं बाहेर ठेवायचं आणि वहीत दुसऱ्यांची वाक्यं आणायची. त्यात त्यांचा दोष नाही. मार्क त्यालाच मिळत आले.

म्हणून आता मी स्वाध्याय असे देतेय की घरी बसून लिहिताच येऊ नयेत. जायला लागलं पाहिजे, विचारायला लागलं पाहिजे, मोजायला लागलं पाहिजे. आत्तापर्यंत दोन करून पाहिले. एक, एका जागी तासभर उभं राहून फक्त दिसलं-ऐकलं ते लिहायचं. मार्केट यार्डातले हळदीचे सौदे, मिरज स्टेशनचा फलाट, एसटी स्टँडची चौकशी खिडकी, काहीही चालेल. नोंदवहीच्या डाव्या पानावर पाहिलेलं, उजव्या पानावर मनात आलेलं. दोन्ही मिसळायचं नाही. दुसरा, घरातल्या मोठ्या माणसाचं दहा मिनिटांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून शब्द न् शब्द उतरवायचं. दहा मिनिटं उतरवायला दोन-अडीच तास जातात, मुलं वैतागतात, पण बोलणारं माणूस नेमकं कुठं अडखळलं ते तेव्हाच ऐकू येतं.

पुढं काय देऊ? आणि वाचायला काय देऊ, जे फुकट किंवा इथं हाताशी मिळेल? पाचशे रुपयांचं पुस्तक ही मुलं विकत घेऊ शकत नाहीत.

---

शब्दवेडी | सोमवार, रात्री १०.१५

मटकीच्या डब्याचं वाचून गलबललं. ताई, त्या मुलीला सांगा, हेच लिहायचं असतं. साधनांबद्दल उद्या सविस्तर लिहिते, आमच्या वाईत त्याची खाणच आहे.

---

निवृत्त तलाठी | मंगळवार, सकाळी ६.५०

मॅडम, मी लेखक नाही. छत्तीस वर्षं तलाठी आणि मंडल अधिकारी म्हणून काम केलं, सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांत. तरी एक सुचवतो. मुलांना घरचा सातबारा वाचायला द्या.

लोकांना वाटतं सातबारा म्हणजे कर्जाला लागणारा कागद. पण तो नीट वाचला तर घराण्याची तीन-चार पिढ्यांची हकिगत त्यात असते. गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाच्या नावावर आणि कोणत्या हक्कानं. बारा म्हणजे कोणत्या हंगामात काय पेरलं, पाणी विहिरीचं की पाटाचं. खरी गोष्ट मात्र नमुना सहामध्ये असते, म्हणजे फेरफार नोंदवहीत. सातबाऱ्यावर नावाजवळ जे आकडे दिसतात ते फेरफाराचे क्रमांक. एकेक क्रमांक धरून मागं जायचं. अमुक साली अमुक मयत, वारस म्हणून पत्नी, तीन मुलगे, दोन मुली. पुढच्या फेरफाराला मुलींची नावं कमी, 'हक्कसोडपत्रानुसार'. कुळकायदा १९४८ चा, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, म्हणजे कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली तो दिवस. त्या सुमाराच्या नोंदी पाहिल्या तर कुणाचं कूळ मालक झालं आणि कुणाची जमीन गेली ते कळतं. गहाणखत, वाटणी, विहिरीतला हिस्सा, पायवाटेचा हक्क, सगळं दोन-दोन ओळींत.

जुन्या फेरफाराची नक्कल तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज केला की मिळते. साताऱ्याकडचे फार जुने कागद मोडीत असतात, त्याला जाणकार लागेल.

एक नोंद माझ्या हातची आहे, गावाचं नाव सांगत नाही. तीन बहिणी चावडीत आल्या होत्या. धाकटीनं अंगठा उठवताना विचारलं, "आप्पा, ह्यानंतर माहेरला यायला मुभा हाय न्हवं?" मी फेरफार लिहिला, त्यात हे वाक्य लिहायला रकाना नव्हता. मुलींना मुलांइतका जन्मसिद्ध हक्क देणारी केंद्राची दुरुस्ती २००५ ची, आपल्या राज्यात त्याआधीच १९९४ ला झाली होती. तरी हक्कसोडपत्रं होत राहिली. तुमच्या वर्गातल्या मुलींनी आपल्या आत्यांना विचारावं, एवढंच म्हणतो.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ७.३०

काका, नमस्कार करते तुम्हाला. हा स्वाध्याय पुढच्याच आठवड्यात देते. कागद काय म्हणतो ते एका पानावर आणि आत्या काय म्हणते ते दुसऱ्या पानावर.

एक काळजी मात्र आहे. घरात भाऊबंदकी चालू असेल तर हा विषय मुलाला महागात पडेल. म्हणून हा स्वाध्याय ऐच्छिक ठेवते, आणि वर्गात मोठ्यानं वाचायचा की नाही ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

---

निवृत्त तलाठी | मंगळवार, सकाळी ७.४५

बरोबर आहे. गट नंबर आणि नावं बदलायला सांगा. सालं मात्र बदलू देऊ नका.

---

तंबोरा | मंगळवार, दुपारी १.२०

मी मिरजेचा. आमच्या सतारमेकर गल्लीत दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कॉलेजची मुलं येतात. म्हणून थोडं स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

वीस-पंचवीस मुलं एकदम येतात, फोटो काढतात, "काका, हा व्यवसाय किती पिढ्या?" असं विचारतात, अर्ध्या तासात जातात. मग लेख येतो, 'मिरजेचा सुरेल वारसा'. पूर्वज शस्त्रांना धार लावणारे शिकलगार होते, राजाश्रय होता, मोठमोठे गवई इथली वाद्यं नेतात. यात खोटं काही नाही. पण कारागिरानं त्या दिवशी काय केलं ते त्या लेखात नसतं.

दोन मुलं पाठवा, दोनच. पण सलग तीन दिवस पाठवा, आणि पहिल्या दिवशी प्रश्न विचारू नका म्हणून सांगा. भोपळा कापताना कारागीर आधी त्यावर टिचकी का मारतो ते पाहू दे. दांडी, तबकडी, खुंट्या, घोडी ही नावं कानांवर पडू देत. आणि जवारी, म्हणजे तारेची ती घुमणारी आस, काढताना पाहायला हवं. घोडीचा वरचा भाग कानसेनं घासायचा, इतका थोडा की डोळ्यांना फरक दिसत नाही. तार ठेवायची, छेडायची, ऐकायचं, तार काढायची, पुन्हा घासायचं. तंबोऱ्याला वर घोडी आणि तार यांच्यामध्ये दोरा सरकवून पाहायचा. हे तासन् तास चालतं. जरा जास्त घासलं गेलं तर आवाज बसतो आणि सगळं पहिल्यापासून. त्या वेळी कारागीर बोलत नाही. ज्या मुलाला बसवतं त्याला तिसऱ्या दिवशी जवारी लागली की नाही लागली ते ऐकू येतं. त्यानं मग लिहावं.

आणखी एक, दिवसाच्या कमाईवर जगणाऱ्या माणसाचा वेळ घेतोय याची जाण ठेवा. लिहून झालं की त्याला वाचून दाखवायला परत यायला सांगा. आजवर परत आलेलं कुणी मला आठवत नाही.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ८.०५

राग कसला, दादा. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी अशीच अठरा मुलांची सहल त्या गल्लीत नेली होती. आज ते आठवून वाईट वाटतंय. दोन मुली तयार आहेत, दिवाळीच्या सुट्टीत पाठवते. लिहिलेलं वाचून दाखवायला परत जाणं हा आता प्रत्येक स्वाध्यायाचा भाग करते, त्याशिवाय मार्क नाहीत.

---

शब्दवेडी | मंगळवार, रात्री ९.३०

कबूल केल्याप्रमाणे साधनांबद्दल. सगळी फुकट आहेत.

मराठी विश्वकोश. त्याचं कार्यालय आमच्या वाईत, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभं केलेलं. पूर्ण विश्वकोश संकेतस्थळावर आहे. मुलं माहितीसाठी पहिल्यांदा जिथं जातात तिथं मराठीत धड दोन परिच्छेद मिळत नाहीत, आणि इथं भूगर्भापासून गूळ करण्यापर्यंत विस्तृत नोंदी. जुन्या आहेत, आकडे जुने असतात, म्हणून नोंद कधीची ते पाहायची सवय लावा. केतकरांचा ज्ञानकोशही जालावर आहे, तो आणखी जुना, १९२० च्या दशकातला. त्या काळचे लोक एखाद्या गोष्टीकडं कसं बघत होते ते समजायला चांगला.

शब्दकोश. मोल्सवर्थ (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई शब्दकोशांच्या पानावर शोधता येतात. मुलांना आजीच्या तोंडचा एक शब्द त्यात शोधायला सांगा. माझ्या भाचीनं 'उतरंड' शोधला आणि तिला कळलं की घरात ती नसली तरी शब्द कसा राहिलाय.

गॅझेटियर. मुंबई इलाख्याचं साताऱ्याचं गॅझेटियर १८८५ चं आहे. इंग्रजीत आहे, पण गावागावांची माहिती, बाजाराचे वार, पिकं, रस्ते, सगळं. सांगलीकर मुलांना एक सांगा: तासगाव, वाळवा, खानापूर तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. सांगली आणि मिरज ही संस्थानं. १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली ठेवलं. जुन्या कागदांत 'सांगली जिल्हा' शोधत बसलं तर हाती काही लागत नाही, 'सातारा' म्हणून शोधायचं.

पारी, म्हणजे ग्रामीण भारताचं जनसंग्रहालय. पी. साईनाथ यांनी २०१४ ला सुरू केलं. मराठीत शेकडो लेख आहेत, माणसाचं नाव, गाव, काम, कमाई, कर्ज सगळं धरून लिहिलेले. तुमच्याच जिल्ह्यातल्या कुंडलच्या कॅप्टन भाऊंवर, इंग्रजांविरुद्ध लढलेल्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेवर साईनाथांनी लिहिलंय. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वे अडवली ती हकिगत त्यात आहे. मुलांना त्यातले प्रश्न शोधायला सांगा. लेखात उत्तरंच छापलेली असतात, पण हे उत्तर मिळवायला काय विचारलं असेल? हा स्वाध्याय मी स्वतः करून पाहिलाय, फार शिकवतो. पारीनं विद्यार्थ्यांचं लेखनही छापलंय.

आणि भिलार. ४ मे २०१७ ला पुस्तकांचं गाव झालं तेव्हापासून घराघरांत विषयवार पुस्तकं ठेवली आहेत, चरित्र-आत्मचरित्राचं वेगळं घर आहे. एका दिवसात जाऊन येता येईल. ओसरीवर बसून दिवसभर वाचा, कुणी उठ म्हणत नाही.

पुस्तकांत एकच नाव सांगते. लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे. त्या १९३६ ला गेल्या, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, म्हणजे आता ती पानं मोकळेपणानं छापून वाटता येतात. कधी शाळेत न गेलेल्या बाईनं लिहिलंय हे मुलांना आधी सांगू नका, वाचून झाल्यावर सांगा.

---

माणदेशी | बुधवार, सकाळी ८.१०

त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' राहिला, ताई. १९१५ चं पुस्तक, तेही आता मुक्त. बलुतेदारी, गावकामगार, सणवार, देणीघेणी, प्रत्येक गोष्टीचा नेमका शब्द त्यात मिळतो. मतं त्या काळची आहेत, आज खटकतात, त्यावरही वर्गात बोलता येईल.

---

विट्याची | बुधवार, रात्री १०.५०

पहिल्यांदाच लिहितेय इथं. मी खानापूर तालुक्यातली, वडील गलाई. सोन्याचांदीची गाळणी करतात. आमच्याकडचे गलाई देशभर पसरलेत, कुणी तामिळनाडूत, कुणी केरळात, कुणी पंजाबात. माझे वडील मी तीन वर्षांची असल्यापासून कोईमतूरला आहेत. वर्षातून दोनदा येतात, यात्रेला आणि दिवाळीला.

कॉलेजात असताना आमच्या सरांनी एक स्वाध्याय दिला होता. जे माणूस रोज फोनवर भेटतं त्याला, आजवर कधी न विचारलेला एक प्रश्न विचारा आणि उत्तर लिहा. मी वडिलांना विचारलं, "दादा, तुम्ही सकाळी उठल्यापासून काय काय करता?" ते आधी म्हणाले, काय करणार, दुकान. मग सांगत गेले. भट्टी पेटवायच्या आधी दुकानातली जमीन झाडायची आणि तो केर टाकायचा नाही, डब्यात साठवायचा, कारण त्यात सोन्याचे कण असतात. ॲसिडच्या वाफेनं खोकला येतो म्हणून दाराकडं तोंड करून बसायचं. दुपारी भात, कारण भाकरी थापायला येत नाही. एवढी वर्षं तिकडं राहून भाकरी येत नाही हे मला माहीतच नव्हतं. गावाला आले की ते पहिल्या दिवशी चार-चार भाकरी का खातात ते त्या दिवशी कळलं.

मी ते दोन पानं लिहिलं. सरांनी मार्क किती दिले आठवत नाही. आईनं ती वही अजून ठेवली आहे.

तुमच्या वर्गातली विटा-आटपाडीकडची मुलं अशाच घरांतली असतील, त्यांना जरूर द्या हा स्वाध्याय.

---

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री ११.२०

झोपायच्या आधी वाचलं आणि मुद्दाम लॉगिन केलं. विट्याची, तू लिहीत राहा. तीन मुलं आहेत माझ्याकडं गलाई कुटुंबातली. त्यांच्या वह्यांत वडिलांबद्दल 'ते आमच्यासाठी कष्ट करतात' याच्या पलीकडं काही आलेलं नाही. हा प्रश्न मी त्यांना देणार. तुझी हकिगत वर्गात वाचून दाखवू का?

---

विट्याची | गुरुवार, सकाळी ७.००

हो मॅडम, दाखवा.

---

माणदेशी | गुरुवार, दुपारी ३.४०

मला बोलीबद्दल बोलायचं आहे. तुम्ही बोलणं रेकॉर्ड करून उतरवायला सांगता. उतरवल्यावर त्या बोलीचं काय करता? बहुतेक ठिकाणी दोनच गोष्टी होतात. एक तर आजीचं सगळं प्रमाण मराठी करून टाकतात, किंवा अवतरणात आजी 'म्या हुते, पानी आल्तं' बोलते आणि भोवतीचा नातवाचा मजकूर शुद्ध पुस्तकी. दुसरं मला जास्त लागतं. त्यात आजी गावंढळ आणि नातू शहाणा दिसतो. नातू स्वतः घरात तसाच बोलतो की!

---

कृष्णाकाठ | गुरुवार, रात्री ९.१०

दादा, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. गेल्याच आठवड्यात एका मुलीनं आजीच्या तोंडी घातलं होतं, 'पाण्याची पातळी वाढल्याने मी स्वयंपाकघरातून बाहेर पडले.' रेकॉर्डिंग ऐकलं तर आजी म्हणत होती, "पानी उंबऱ्याला लागलं तवा भाकरी तव्यावरच हुती, ती उलथून घेतली न् मग उठले." केवढा फरक! पुस्तकी वाक्यात तव्यावरची भाकरी गेली, उलथणं गेलं, आजीच गेली.

पण हेही खरं की प्रत्येक उच्चार जसाच्या तसा लिहिला तर वाचणाऱ्याचं लक्ष अक्षरांवरच अडकतं, माणूस काय सांगतंय ते मागं राहतं. मी सध्या असं सांगते की क्रियापद, शब्द आणि वाक्याची चाल तिची ठेवा; 'पाणी'चं 'पानी' करायचं की नाही ते मोठ्यानं वाचून ठरवा. आणि तुमचं दुसरं म्हणणं मला पटलं. लिहिणाऱ्यानं स्वतःच्या वाक्यांतही आपली बोली येऊ द्यावी, हे मी आजवर सांगितलं नव्हतं. सांगेन. परीक्षकांशी वाद झाला तर तो मी घालेन.

---

सहशिक्षक | शुक्रवार, सकाळी १०.३०

साताऱ्यात शिकवतो. एक व्यवहारातला प्रश्न. हल्ली मुलं विषय मिळताच चॅटजीपीटीला विचारतात आणि तेच उतरवून आणतात. तुम्ही काय करता? आणि मार्क कसे देता?

---

कृष्णाकाठ | शुक्रवार, रात्री ८.४५

सर, पकडापकडी मी सोडून दिली. निम्मे मार्क नोंदवहीला ठेवलेत. नोंदवही हातानं लिहिलेली, जागेवर लिहिलेली, तारीख-वेळ घातलेली. त्यातलं काय लेखात आलं आणि काय गाळलं ते मुलानं समोर बसून सांगायचं, पाच मिनिटं. उरलेल्यांपैकी बरेच मार्क पहिल्या आणि तिसऱ्या खर्ड्यातल्या फरकाला. नव्वद टक्के वेळा मी तिसऱ्या खर्ड्याला एकच सूचना करते, पहिला परिच्छेद काढून टाक. तो निबंधाचा असतो, लेख दुसऱ्या परिच्छेदापासून सुरू झालेला असतो.

आणि मोजायला लागेल असं काहीतरी प्रत्येक स्वाध्यायात घालते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी फुटांत मोजतात हे सगळ्या सांगलीला पाठ आहे. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. पण आपल्या घरात किती फूट होतं? टेप घेऊन भिंतीवरचा डाग मोजायला कोणतंही यंत्र तुमच्या घरी येणार नाही.

---

कृष्णाकाठ | पुढच्या आठवड्यात मंगळवार, रात्री ९.००

त्या टेपचंच सांगायला आले. मटकीच्या डब्याच्या मुलीनं स्वाध्याय आणला.

तिच्या आजीनं मधल्या खोलीतल्या भिंतीवरची रेघ दाखवली आणि ठाम सांगितलं, ही पाचची. वडील म्हणाले, नाही, एकोणीसची. घरात वाद. मुलीनं जमिनीपासून मोजली, ४ फूट २ इंच. मग तिला सुचलं की २०१९ ला आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि २००५ ला ५३ च्या वर. म्हणजे तिच्या घरात एकोणीसची रेघ पाचच्या रेघेपेक्षा चांगली तीन-साडेतीन फूट वर असायला हवी. तिनं स्टुलावर चढून वर पाहिलं. नवा रंग दिलेला, काही दिसेना. पण देवळीच्या आत रंगाऱ्याचा हात पोचला नव्हता आणि तिथं दुसरी रेघ निघाली, ७ फूट ९ इंचांवर. आजीचं खरं होतं. वडिलांचंही चुकलं म्हणता येणार नाही, कारण एकोणीसला ते लोक पाणी यायच्या आदल्या रात्रीच बाहेर पडले होते, त्यांनी पाणी चढताना पाहिलंच नव्हतं. पाचला आजी माळ्यावर बसून होती. तिनं पाहिलं होतं.

लेख दोन पानांचा आहे. 'रौद्र रूप' कुठंही नाही. पहिलं वाक्य आहे: 'आमच्या घरात दोन रेघा आहेत.' मटकीचा डबा शेवटाकडं येतो, तोही दोनच ओळींत, आणि त्यानंतर आजीला हे वाचून दाखवलं तेव्हा आजी काय म्हणाली ते तिनं लिहिलंय. ते मी इथं लिहीत नाही, ते तिचं आहे. तिची परवानगी मिळाली तर पूर्ण लेखच टाकेन.

तलाठी काकांच्या स्वाध्यायाला चार मुली आणि एक मुलगा तयार झालेत. एकीच्या आत्यानं फोनवर बोलायला नकार दिला, मग संध्याकाळी स्वतःच उलट फोन केला आणि तासभर बोलली.

आता येत्या रविवारी सगळ्यांना घेऊन हरिपूरला जायचं ठरवलंय. हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खड्डे, दाखवायची आहेत. इथलं कुणी माहितीचं आहे का?

---

संगमावरचा | मंगळवार, रात्री ९.५५

मी हरिपूरचा. या, दाखवतो. पण आधीच सांगतो, २००५ च्या पुरात बहुतेक पेवांत पाणी शिरलं, हळद कुजली, त्यानंतर बरीच बुजवली गेली. आता थोडी उरलीत. तोंड अरुंद, खाली पोट मोठं, आत माणूस उभा राहील अशी. इथली माती घट्ट आणि कोरडी म्हणून हे जमायचं. तळाला आणि कडेनं उसाचा पाला घालायचा, हळद भरली की तोंड मातीनं लिंपून टाकायचं. आत हवा नसते म्हणून कीड लागत नाही, वर्षानुवर्षं माल राहतो.

मुलांनी आत डोकावायचं नाही, हे आधीच बजावून ठेवा. पेव उघडलं की कितीतरी वेळ तसंच मोकळं ठेवायचं आणि मग दोरीनं कंदील खाली सोडून बघायचा. कंदील विझला तर माणूस उतरवायचा नाही. माझे चुलते पेवात उतरायचे. ते आता ऐंशीच्या पुढं आहेत, बोलतील, पण त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजवीकडं बसा.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री १०.१०

फार उपकार झाले. सकाळी ९ ला संगमेश्वराच्या देवळापाशी जमतो. चुलत्यांशी बोलायला दोघांनाच पुढं बसवते, बाकीचे ऐकतील. त्यांना किती वेळ बसवेल?

---

संगमावरचा | मंगळवार, रात्री १०.२०

९ ला ऊन चढतं, ८ ला या. अर्धा तास बोलतील, मग चहा घेतात, मग परत बसतील. खरं सांगणं चहानंतरच सुरू होतं.

---

तंबोरा | मंगळवार, रात्री १०.३२

आणि लिहून झाल्यावर त्यांना वाचून दाखवायला परत या.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री १०.३५

येणार. त्याच्या पुढचा रविवार त्यासाठीच मोकळा ठेवलाय. उजव्या बाजूनं बसून वाचू.